आधी दोरा जातो, मग कापड: छोट्या होडीचं शीड दुरुस्त करताना आणि बदलताना

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. होड्या पाण्याबाहेर काढायची घाई चालली होती आणि घारापुरीकडून परतताना आमच्या एंटरप्राइज जातीच्या होडीच्या मेनसेलची, म्हणजे मुख्य शिडाची, एक शिवण उसवली. वरून दुसऱ्या बॅटनच्या, म्हणजे शीड ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या, खाली, मागच्या कडेकडून सुरुवात झाली आणि बघता बघता हातभर उघडी पडली. शीड अकरा वर्षांचं. किनाऱ्याला लागेपर्यंत नव्या शिडाचा हिशोब माझ्या डोक्यात मांडून झाला होता. यार्डातल्या तांडेलकाकांनी शीड जमिनीवर पसरलं. उसवलेल्या जागेकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिथून दोन हात लांबच्या, धड दिसणाऱ्या शिवणीवर त्यांनी अंगठ्याचं नख घासलं. चार टाके वाळल्या गवतासारखे तुटून आले. मग शेजारचं कापड दोन्ही मुठींत धरून जोरात ताणलं. त्याला काही झालं नाही. "दोरा मेलाय रे पोरा," ते म्हणाले, "कापड अजून जितं हाय."

त्या पावसाळ्यात आम्ही सगळ्या शिवणी घरच्या मशीनवर पुन्हा मारल्या आणि ते शीड आणखी चार मोसम चाललं. तेव्हापासून कुणी फाटकं शीड दाखवलं की मी आधी एवढंच विचारतो: दोरा गेलाय की कापड? पुढचं सगळं काम या उत्तरावर ठरतं. दोरा गेला असेल तर घरी, थोड्या पैशांत आणि दोन-तीन दिवसांच्या कष्टात शीड पुन्हा उभं राहतं. कापडच गेलं असेल तर त्यावर लावलेलं प्रत्येक ठिगळ वाया जातं, कारण पुढची फाट ठिगळाच्या कडेलाच पडते.

दोरा आधी का जातो

आज छोट्या होड्यांची बहुतेक शिडं डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरची असतात. हे कापड अतिशय घट्ट विणलेलं आणि वर रेझिन देऊन कडक केलेलं असतं. सुती कापडात टाका रुतून बसतो, तसा तो इथे बसत नाही. तो पृष्ठभागावर उघडा राहतो. ऊन पहिलं त्याला लागतं आणि डोलकाठीच्या तारांचा घासही पहिला त्यालाच लागतो.

सुती शिडांच्या काळातली एक सवय अजून टिकून आहे आणि ती आता नुकसान करते. सूत ओलाव्याने कुजतं, म्हणून जुनी मंडळी शीड कडक उन्हात वाळवत. त्यांचं बरोबर होतं. पॉलिएस्टर ओलाव्याने कुजत नाही, उन्हाने मरतं. बुरशीचे काळे डाग दिसायला वाईट असतात, पण डॅक्रॉनची ताकद त्यांनी फारशी कमी होत नाही. उलट बूमवर, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांडीवर, गुंडाळून उघड्यावर ठेवलेलं शीड पांढरंशुभ्र दिसत असूनही आतून संपत आलेलं असू शकतं. तेव्हा शीड सावलीत वाळवा.

पुढे काही नावं वारंवार येतील, ती एकदा सांगून ठेवतो. डोलकाठीला लागणारी पुढची कड म्हणजे लफ, मागची मोकळी कड लीच, बूमवरची खालची कड फूट. वरचा कोपरा हेड, पुढचा खालचा टॅक, मागचा खालचा क्ल्यू. लफच्या काठात शिवलेला आणि डोलकाठीच्या खाचेत सरकणारा दोर म्हणजे बोल्टरोप. लीचचा बाहेर आलेला फुगवटा ज्या पट्ट्यांनी ताठ राहतो, त्या बॅटन.

तपासणी

आधी धुवा. खारट शिडावर टेप चिकटत नाही, आणि मिठाचे कण सुईच्या प्रत्येक छिद्रातून कापड कुरतडत राहतात. गच्ची झाडून घ्या, शीड पसरा, साध्या पाण्याने मीठ काढा, मग सौम्य साबण आणि मऊ ब्रश. मुंबईच्या बंदरातली काजळी एका धुण्यात जात नाही. ती खरवडायच्या नादाला लागू नका, त्यात रेझिनच निघून येतं. वॉशिंग मशीन, ड्रायर, इस्त्री यांपैकी काहीही नको. दुपारी गच्चीची फरशी तापलेली असते, म्हणून हे काम सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर करावं.

शीड वाळलं की हेडपासून सुरू करा आणि प्रत्येक शिवणीवर दर वीतभर अंतरावर नख घासा. नख जरा जोर लावूनच घासायचं. चांगला दोरा नखाखाली नुसता चपटा होतो, मेलेला तुटतो किंवा त्याचा भुगा निघतो. लीचजवळ जास्त वेळ द्या, कारण फडफडीचा सगळा मार तिथे बसतो आणि शिवणी उसवायला लागतात त्या तिथूनच.

मग कापड. दोघांनी शीड खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर धरा. विरलेली जागा, सुईएवढी भोकं, दुमडीवर तुटलेले धागे, सगळं उजेडात दिसतं. जिथे ऊन सर्वांत जास्त लागलं असेल, म्हणजे हेडजवळ आणि लीचच्या काठाला, तिथे कापड दोन मुठींत धरून ताणा. शेवटी एक निर्दय परीक्षा आहे: कुठे आधीच छोटी फाट असेल तर तिच्या टोकाला दोन्ही बाजूंनी ओढून बघा. जित्या डॅक्रॉनला फाडायला खरोखर बळ लागतं. मेलेलं डॅक्रॉन वर्तमानपत्रासारखं, जवळजवळ आवाज न करता पुढे फाटत जातं. असं झालं तर सुई-दोरा बाजूला ठेवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

आता नेहमीच्या दुखऱ्या जागा. बॅटनच्या कप्प्याचं आतलं टोक, कारण तिथे बॅटन कापडाला टोचत असते. तीन कोपऱ्यांतल्या कड्या आणि त्यांच्याभोवतीची शिवण. वारा मागून असताना मेनसेल ज्या तारेवर टेकतं ती रेघ. जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या, लफमधली तार, जी आतून गंजून बाहेर तांबूस डाग देते. पारदर्शक खिडकी असेल तर तिच्या कडेच्या भेगा. हे सगळं पेन्सिलने शिडावरच लहान गोल करून खूण करत जा. दुरुस्तीला बसल्यावर घडी घातलेल्या शिडात जागा सापडत नाही.

आकार गेलाय का, हे वेगळं तपासायचं

शिवणी धड आहेत, कापडही फाटत नाही, तरी होडी वाऱ्याकडे चढत नाही, नुसती कलते आणि सुकाणू जड लागतं. मग शिडाचा आकार गेलेला असू शकतो. हे घरी कळत नाही, पाण्यावर जावं लागतं. 8 ते 10 नॉट वारा असताना वाऱ्याला लागून, म्हणजे वारा येतो त्या दिशेला जमेल तितकी जवळ, होडी चालवा, शीट, म्हणजे शीड आवळायची दोरी, नेहमीसारखी ओढा, आणि सोबतच्याने बूमच्या मध्याखाली आडवं होऊन मोबाइलने सरळ वर फोटो काढावा. फोटोत एखादी आडवी शिवण निवडा. तिच्या लफकडच्या टोकापासून लीचकडच्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढा आणि शिवण त्या रेघेपासून सर्वांत जास्त कुठे फुगलीये ते बघा.

चांगल्या मेनसेलमध्ये ही सर्वांत खोल जागा लफपासून साधारण 40 ते 50 टक्क्यांवर असते आणि खोली त्या रेघेच्या लांबीच्या दहा-बारा टक्के. कापड ताणून सैल झालं की खोली वाढते आणि ती जागा मागे सरकते. ती साठ टक्क्यांच्या पलीकडे गेली आणि लीच आतल्या बाजूला आकड्यासारखी वळली, तर वारा पुढे ढकलण्याऐवजी बाजूला ढकलतो. होडी कलते ती त्यामुळे.

पण इथेच निष्कर्षाला येऊ नका. आधी कनिंगहॅम ओढा, म्हणजे लफ खाली ताणा, आणि आउटहॉलने फूट ताणा. पुन्हा फोटो काढा. खोली पुढे आली तर शिडात अजून जीव आहे.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात, म्हणून इथे जरा थांबतो. जुन्या शिडात बोल्टरोप आखडतो. कापड तेवढंच राहतं, आतला दोर आखूड होतो, आणि लफला सुरकुत्यांची चुणीदार झालर पडते. शीड कितीही वर ओढलं तरी ती जात नाही. माणसं म्हणतात शीड ताणून लांबलंय. प्रत्यक्षात दोर आखडलेला असतो. यावर उपाय सोपा आहे. बोल्टरोप शिडाला वर हेडजवळ आणि खाली टॅकजवळ हाताच्या पक्क्या टाक्यांनी बांधलेला असतो. मधल्या भागात तो बहुधा नळीत मोकळा असतो. खालचे टाके काळजीपूर्वक कापा, दोराच्या टोकाला एक पातळ दोरी बांधून ठेवा म्हणजे तो आत हरवणार नाही, आणि शीड लफच्या दिशेने दोघांनी ताणा. दोर चार-सहा सेंटिमीटर सहज आत जातो. सुरकुत्या गेल्या की नव्या जागी पुन्हा पक्के टाके घाला. आमच्या शिडात असा दोर पाच सेंटिमीटर आत गेला होता. पहिल्या फेरीतच लफ सरळ उभी राहिली. यात खर्च होतो तो फक्त दोऱ्याचा.

सामान

दोरा बॉन्डेड पॉलिएस्टरचा हवा, उन्हाला टिकणारा. छोट्या होडीच्या शिडाला टेक्स 70 जाडी पुरते, त्याला मशीनची 16 नंबरची सुई. बॅगा आणि सीटकव्हर शिवणाऱ्यांकडे असा दोरा मिळतो, पण तिथे नायलॉनही विकायला असतं आणि हाताला दोन्ही सारखेच लागतात. नायलॉन उन्हात लवकर जातं, म्हणून रिळावरचं नाव वाचून घ्या. दोऱ्याचा रंग शिडापेक्षा वेगळा घ्या. एंटरप्राइजची शिडं निळी असतात, 1956 मध्ये जॅक होल्टने आखल्यापासून तीच त्या होडीची ओळख आहे, त्यामुळे पांढरा दोरा लांबूनही दिसतो आणि कुठे तुटलाय ते चटकन कळतं. पांढऱ्या शिडाला मी निळा घेतो.

ठिगळासाठी जुन्या शिडाचं कापड सर्वांत उत्तम. मोडीत निघालेलं शीड कुणी टाकत असेल तर खालच्या, ऊन कमी लागलेल्या भागातला तुकडा मागून घ्या. जुन्या, मऊ पडलेल्या शिडावर नवं कडक डॅक्रॉन लावलं तर ते तिथे पत्र्यासारखं उभं राहतं आणि त्याच्या कडेला शीड मोडायला लागतं. ठिगळ शिडाइतक्याच वजनाचं असावं. जाड लावलं म्हणजे मजबूत झालं, असं इथे होत नाही.

याशिवाय 6 मिलिमीटर रुंदीचा डबल-साइड टेप, मागे गोंद असलेलं डॅक्रॉन, मेण लावलेला जाड पॉलिएस्टर दोरा, त्रिकोणी टोकाच्या दोन-तीन सुया आणि चामड्याचा पाम, म्हणजे तळहातावर बांधून सुई ढकलायचं साधन. पाम नाही मिळाला तर चांभाराकडून चामड्याची पट्टी शिवून घ्या आणि मध्ये धातूचा खाचदार तुकडा बसवून घ्या. गोणपाटाचं दाभण इथे चालत नाही, ते कापडाला नको इतकं मोठं भोक पाडतं. कडा वितळवायला सोल्डरिंग आयर्न लागेल. त्याखाली काच ठेवा आणि खिडक्या उघड्या ठेवा, पॉलिएस्टर वितळताना निघणारा धूर चांगला नसतो.

शिवणी पुन्हा मारणं

झिगझॅग टाका मारणारं बहुतेक घरगुती मशीन दोन-तीन थरांचं डॅक्रॉन शिवतं. झिगझॅग हवा, कारण शिवण ताणली की हा टाका थोडा लांबू शकतो. घरी फक्त सरळ टाक्याचं जुनं काळं मशीन असेल तर शेजारी-शेजारी दोन रांगा मारा. काम चालतं, मात्र दर मोसमाला नख लावून बघत चला.

टाक्याची लांबी आणि रुंदी दोन्ही 4 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. फार जवळजवळ टाके घातले तर कापडाला टपाल तिकिटाच्या कडेसारखी छिद्रांची रांग पडते आणि तिथेच ते फाटतं. आधी त्याच जाडीच्या तुकड्यावर, तितकेच थर घेऊन टाके मारून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याची फासं लोंबत असतील तर वरचं टेन्शन वाढवा, वर बॉबिनचा दोरा खेचून आला असेल तर कमी करा. डॅक्रॉनमध्ये गाठ कापडाच्या आत पूर्ण लपत नाही, दोन्ही बाजूंना सारखी दिसली की झालं.

आता खरी अडचण. मशीनच्या हातामधून सात-आठ चौरस मीटर शीड जात नाही. म्हणून शिवणीच्या दोन्ही बाजूंना शीड घट्ट गुंडाळून नळ्या करा, कपड्याचे चिमटे लावा, आणि लहान नळी मशीनच्या हाताखालून जाईल अशी दिशा धरा. मशीन जमिनीवर ठेवलं तर शीड ओढलं जात नाही, फरशीवर सरकत येतं. आम्ही दिवाणखान्यातलं सगळं सामान भिंतीला लावलं. मी मशीनसमोर मांडी घातली आणि पलीकडे बहीण बसून नळी सरकवत होती. मशीन चालवणाऱ्यापेक्षा सरकवणाऱ्याचं काम मोठं आहे. शीड ओढायचं नाही, मशीनचे दाते नेतील तेवढंच पुढे द्यायचं. ओढलं की सुई वाकते, पाट्याला लागते आणि तुटते. पहिल्या दिवशी आमच्या तीन सुया गेल्या, दुसऱ्या दिवशी एकही नाही.

जिथे शिवण शाबूत आहे पण दोरा मेलाय, तिथे जुना दोरा काढत बसू नका. त्याच्या शेजारून, जुन्या छिद्रांना टाळून, नवी रांग मारा. जिथे शिवण उघडी पडलीये तिथे मात्र आधी जुन्या दोऱ्याचे अवशेष चिमट्याने काढा. दोन्ही पट्ट्यांवर जुन्या छिद्रांच्या खुणा असतात, त्या एकमेकींवर बसवून दर 15 सेंटिमीटरवर पेन्सिलने आडवी रेघ मारा, मग डबल-साइड टेपने पट्ट्या चिकटवा आणि मगच शिवा. या रेघा चुकल्या आणि एक पट्टी बोटभर पुढे सरकली, तर शिडात कायमची सुरकुती येते. शिवणकामात हीच एक चूक अशी आहे जी नंतर पाण्यावर प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर येते. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके मागे-पुढे घेऊन दोरा पक्का करा.

खोंबारा आणि मोठी फाट

नाण्याएवढं भोक किंवा स्प्लिट पिनला अडकून पडलेला छोटा खोंबारा असेल तर शिवायची गरज नाही. जागा स्पिरिटने पुसा, वाळू द्या, गोंदवाल्या डॅक्रॉनचे दोन तुकडे कापा आणि दोन्ही बाजूंनी लावा. तुकड्याचे कोपरे गोल कापायचे, टोकदार कोपरा आठवड्याभरात उचलला जातो. चमच्याच्या पाठीने जोर देऊन घासा. आणि ज्या पिनने हे केलं ती शोधून तिच्यावर टेप गुंडाळा, नाहीतर पुढच्या रविवारी दुसरी जागा तयार असेल.

हातभर फाट पडली असेल तर ठिगळच हवं. फाटलेली जागा टेबलावर सपाट पसरा, दोन्ही कडा न ओढता एकमेकींना भिडवा आणि मागच्या बाजूने मास्किंग टेप लावून तशाच धरून ठेवा. आता वाकून कापडाची वीण बघा. उभे आणि आडवे धागे कुठल्या दिशेला जातात ते नीट पाहा आणि ठिगळ त्याच दिशेने कापा. डॅक्रॉन धाग्यांच्या दिशेने ताणत नाही, तिरकं ओढलं की ताणतं. ठिगळ तिरकं लागलं तर जोर आला की शीड एक सांगतं, ठिगळ दुसरंच.

ठिगळ फाटीच्या सगळ्या बाजूंनी 5 सेंटिमीटर मोठं असावं, कोपरे पाच रुपयांच्या नाण्याला धरून गोल केलेले, कडा सोल्डरिंग आयर्नने कापलेल्या म्हणजे धागे सुटणार नाहीत. ठिगळाच्या चारी कडांना डबल-साइड टेप लावून मधून बाहेर दाबत चिकटवा. कडेपासून 3 मिलिमीटर आत झिगझॅगची एक रांग फिरवा. मग शीड उलटा, मास्किंग टेप काढा, आणि फाटक्या कापडाच्या चिंध्या चौकोनात कापून टाका. शिवणीपासून आत साधारण अडीच सेंटिमीटर मूळ कापड राहू द्या. ही कापलेली आतली कड आयर्नने हलकेच वितळवा, मात्र खाली ठिगळ आहे हे विसरू नका, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. या कडेला धरून दुसरी रांग मारली की काम झालं. फाट लीचपर्यंत गेली असेल तर ठिगळ काठावरून दुमडून पलीकडे न्यावं लागतं. लीचच्या नळीत बारीक दोरी असेल तर ती सुईखाली येणार नाही अशी बाजूला सारा. ती शिवली गेली तर लीच पुन्हा कधी नीट होत नाही.

कोपऱ्यांमध्ये कापडाचे सहा-आठ थर असतात आणि तिथे घरगुती मशीन हार मानतं. तिथे हातच लागतात. क्ल्यूची कडी सुटून आली असेल तर नवी कडी ठोकण्यापेक्षा एक पोलादी रिंग घ्या आणि 25 मिलिमीटरची पॉलिएस्टर पट्टी तिच्यातून ओवून शिडाच्या दोन्ही बाजूंना हातभर नेऊन शिवा. गाडीच्या सीटबेल्टची पट्टी पॉलिएस्टरचीच असते, ती उत्तम. अशा तीन पट्ट्या पंख्यासारख्या पसरवा: एक फूटच्या दिशेने, एक लीचच्या, एक मधोमध. मेणाचा दोरा दुहेरी घ्या, पामने सुई ढकला, पक्कडीने पलीकडून ओढा. प्रत्येक टाका सारख्याच जोराने आवळा, एक जास्त आवळला तर सगळा भार त्याच्यावर येतो. हे काम करून करून अंगठ्याची मुळं दुखतात, म्हणून एका बैठकीत एकच कोपरा घ्या.

बॅटनचा कप्पा फाटला असेल तर नुसता शिवू नका, बॅटनचं टोक आधी बघा. फायबरग्लासच्या पट्टीचा तुटका काठ सुरीसारखा असतो. त्याला पॉलिश पेपर मारा, टेपचे चार वेढे द्या, मग कप्प्याच्या आतल्या टोकाला एक जादा तुकडा शिवा.

पाण्यावर फाटलं तर

शीड ताबडतोब उतरवा किंवा रीफ करा, म्हणजे खालचा भाग बांधून लहान करा. फाट पडलेलं शीड फडफडू दिलं की मिनिटाभरात पट्टीची पट्टी जाते. होडीवर एका डब्यात गोंदवालं डॅक्रॉन, स्पिरिटची छोटी बाटली, सुई आणि मेणाचा दोरा एवढं असू द्या. गोड्या पाण्याची बाटली ओतून मीठ धुवा, पुसा, दोन्ही बाजूंनी चिकटवा. डक्ट टेप अगदीच नाइलाज असेल तर वापरा. त्याचा चिकट थर उन्हाने कापडात मुरतो, नंतर तिथे काहीच नीट चिकटत नाही आणि सुईही गोंदाने माखते.

नवं शीड घेताना

नुसता दोरा नखाखाली तुटत नाही, तर कापडच हाताने फाटतंय, किंवा सगळं ताणूनही खोली मागेच राहतेय, तर नवं घ्या आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

शर्यत लावायची असेल तर आधी त्या होडीच्या वर्गाचे नियम वाचा. आयएलसीए, म्हणजे पूर्वीची लेझर, हिच्या शर्यतीत मान्यताप्राप्त शीडच चालतं. 7.06 चौरस मीटरचं मोठं, 5.76 चं मधलं, 4.7 चं लहान. सरावाला मात्र तशाच मापाचं स्वस्त शीड वापरणारे पुष्कळ आहेत, आणि चांगलं शीड शर्यतीपुरतं जपणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. एंटरप्राइजसारख्या वर्गात शीड कुणाकडूनही शिवून घेता येतं, फक्त ते मापात बसलं पाहिजे.

वर्गाबाहेरची जुनी होडी असेल तर मापं तुम्हालाच द्यावी लागतील, आणि इथे सर्वांत महागडी चूक होते: लोक जुनं शीड मोजून पाठवतात. जुनं शीड ताणलेलं असतं किंवा बोल्टरोपने आखडलेलं असतं. माप डोलकाठीचं आणि बूमचं घ्या. हॅलियार्डला, म्हणजे शीड वर चढवायच्या दोराला, फीतटेप बांधून शीड जितकं वर जाऊ शकतं तितकं वर न्या, तिथून बूमच्या वरच्या काठापर्यंतचं अंतर म्हणजे लफची कमाल लांबी. डोलकाठीच्या मागच्या काठापासून बूमवरच्या शेवटच्या खुणेपर्यंत म्हणजे फूट. या दोन्हींचा गुणाकार करून निम्मा केला की रोच, म्हणजे लीचचा तो बाहेरचा फुगवटा, सोडून क्षेत्रफळ येतं. याशिवाय खाचेची रुंदी आणि बोल्टरोपची जाडी, टॅकची पिन डोलकाठीपासून किती मागे आहे, बॅटन किती आणि कुठे, रीफ हवा का, आणि डोलकाठी वाकते की ताठ राहते, हे सगळं कागदावर आकृती काढून लिहा. प्रत्येक माप दोनदा, दोन माणसांनी घ्या. जुनं शीड सोबत पाठवलंत तर फक्त कड्यांच्या जागा दाखवायला पाठवा आणि तसं स्पष्ट लिहा.

फिरण्यासाठी साधं आडव्या पट्ट्यांचं डॅक्रॉन घ्या. मायलरची, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची, चकचकीत शिडं आकार घट्ट धरतात, पण आपल्या उन्हात आणि ट्रॉलीवरच्या हाताळणीत त्यांचे थर सुटायला लागतात, आणि सुटलेले थर घरी नीट दुरुस्त होत नाहीत. किंमत विचारताना वजन, दोऱ्याची जात आणि कोपऱ्यांत किती थर आहेत हे विचारा. परदेशातून मागवत असाल तर जकात आणि वाहतूक धरूनच तुलना करा. मागणी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच द्या, ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनाच शीड हवं असतं.

नवं शीड आलं की पहिल्या दिवशी दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात नेऊ नका. सकाळच्या मतलई वाऱ्यात, हलक्या हाताने, तासभर चालवा. टाके आणि कापड आपापल्या जागी बसतात. किनाऱ्यावर होडी बांधून शीड तसंच फडफडत ठेवून गप्पा मारायची सवय असेल तर ती त्या दिवसापासून सोडा.

पावसाळ्यासाठी शीड धुवून, पूर्ण वाळवून, लांब नळीवर गुंडाळा. घडी घालणारच असाल तर दर वेळी वेगळ्या जागी घाला. पिशवी भिंतीला टेकवू नका, छताजवळच्या मांडणीवर ठेवा, उंदीर बोल्टरोपपर्यंत पोचणार नाहीत अशी. आणि पिशवीला एक चिठ्ठी बांधा: या वर्षी कुठल्या शिवणी मारल्या, कुठल्या नाहीत, दोरा कुठला, तारीख काय. आमच्या चिठ्ठीवर पहिली ओळ अजून तांडेलकाकांच्या हिशोबाची आहे: वरून दुसरं बॅटन, खालची शिवण, ऑक्टोबरात पुन्हा नख लावणे.